हॉस्पिटलच्या एचआरची जबाबदारी नवीनच अंगावर आलीय? मग सुरुवात इथून करा

पगार, रजा, हजेरी, नवीन माणसाचं जॉइनिंग, सोडून जाणाऱ्याचा हिशोब, हॉस्पिटलात एचआर म्हणजे एवढंच असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मलाही असंच सांगून ही खुर्ची दिली होती. त्याआधी मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर आणि नंतर इन्चार्ज होते. पहिले काही महिने फायली लावण्यातच गेले. मग एका महिन्यात एकाच वॉर्डात तीन पेशंट बेडवरून उतरताना पडले, एकाचं खुब्याचं हाड मोडलं, आणि सगळीकडे एकच चौकशी सुरू झाली की ड्युटीवर कोण होतं. मी पडल्याच्या नोंदी आणि त्या महिन्याचं रोस्टर (कोणाची ड्युटी कधी त्याचं वेळापत्रक) टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. तिन्ही वेळा नाईट, तिन्ही वेळा वॉर्डात एकच सिस्टर, आणि त्यात दोनदा ती दुसऱ्या वॉर्डातून ऐनवेळी पाठवलेली, म्हणजे तिला पेशंटची नावंसुद्धा धड माहीत नव्हती. त्या रोस्टरवर सही माझी होती.

तेव्हापासून मी हे धरून चालते की पेशंटला काळजी कशी मिळणार हे बरंचसं रोस्टर लिहितानाच ठरून गेलेलं असतं. तुम्ही नवीन असाल तर मी ज्या ज्या ठिकाणी अडखळले ते सगळं खाली क्रमाने लिहिते आहे. सगळं एकदम करायला जाऊ नका, पण क्रम शक्यतो मोडू नका.

१. पहिले पंधरा दिवस ऑफिसात बसू नका

सकाळ, दुपार, नाईट, तिन्ही शिफ्ट प्रत्येक मोठ्या वॉर्डात एकदा तरी पूर्ण बसून बघा. रविवारची नाईट नक्की बघा, कारण हॉस्पिटल खरं कसं चालतं ते रविवारी रात्री कळतं. वही घेऊन जा पण कोणाचं नाव लिहू नका, फक्त काम लिहा. पेशंटने बेल वाजवल्यावर कोण उठतं, किती वेळाने उठतं. सिस्टर किती वेळा औषधाची ट्रॉली सोडून फोन घ्यायला जाते. लॅबचा रिपोर्ट आणायला, लिनन मोजायला, बिलाची सही घ्यायला कोण पळतं. तुम्हाला दिसेल की शिकलेल्या, रजिस्टर्ड सिस्टरचा कितीतरी वेळ अशा कामात जातो जे तिने करायचं कामच नाही, आणि मग वॉर्डात सिस्टर कमी पडतात म्हणून ओरड होते.

इथला सापळा म्हणजे आल्या आल्या नवीन नियम जाहीर करणं. हे मी केलं होतं. हजेरीचा नियम कडक केला आणि महिन्याभरात दोन चांगल्या सिस्टर गेल्या, ज्या रोज वीस मिनिटं उशिरा यायच्या पण जाताना तासभर जास्त थांबून नव्या मुलींना शिकवून जायच्या. ते थांबणं हजेरीच्या मशीनमध्ये दिसत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

२. ही कागदपत्रं एका जागी आणा

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. प्रत्येक क्लिनिकल माणसाच्या फायलीत इतकं तरी पाहिजे:

- शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि ती मूळ संस्थेकडून तपासून घेतल्याचा कागद (झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका)
- नर्सिंग किंवा मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि ते कधी संपतं ती तारीख
- आधीच्या ठिकाणचा अनुभव आणि निदान दोन जणांशी प्रत्यक्ष बोलून घेतलेली माहिती
- डॉक्टर असेल तर त्याला इथे कोणत्या प्रोसिजर करायची परवानगी दिली आहे ती सही केलेली यादी
- लेखी कामाचं वर्णन, म्हणजे काय करायचं, कोणाला विचारायचं, काय करायचं नाही
- बीएलएसचं (हृदय किंवा श्वास बंद पडल्यावर लगेच करायच्या प्राथमिक उपायांचं) ट्रेनिंग कधी झालं आणि परत कधी आहे
- हिपॅटायटिस बी लसीची नोंद
- इंडक्शन (नव्या माणसाची सुरुवातीची ओळख आणि ट्रेनिंग) पूर्ण झाल्याची आणि कौशल्य तपासल्याची शीट

रजिस्ट्रेशन संपायच्या तारखांची वेगळी यादी करा आणि तीन महिने आधी त्या माणसाला कळवा. संपल्यावर कळलं तर त्या माणसाला कामावरून बाजूला ठेवावं लागतं, रोस्टर कोसळतं, आणि त्यात त्याचा अपमान होतो तो वेगळाच.

प्रोसिजरच्या यादीबद्दल एक सांगते, यात लाजू नका. एखादे सिनियर डॉक्टर म्हणतील की मला कसली परवानगी, मी वीस वर्षं करतोय. शांतपणे सांगायचं की यादी सगळ्यांची आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरला ती यादी बघता आली पाहिजे, नुसती तुमच्या कपाटात असून उपयोग नाही.

३. माणसं किती लागतात ते मोजा, अंदाज करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा लांब लिहिते.

समजा एका वॉर्डात सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री दोन सिस्टर हव्यात. रोजच्या सात ड्युट्या. मॅनेजमेंट म्हणते सात जणी द्या, फार तर सुट्टीसाठी एक जास्त, झालं. आता गणित करू. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून आठवड्याच्या सुट्ट्या ५२, इतर सुट्ट्या १०, हक्काची रजा २४, आजारपण ८, ट्रेनिंग ५, हे सगळे मिळून ९९ वजा केले तर एक माणूस प्रत्यक्ष २६६ दिवस कामावर येतो. वॉर्डाला वर्षाला लागणाऱ्या ड्युट्या सात गुणिले ३६५ म्हणजे २५५५. त्याला २६६ ने भागा. उत्तर येतं ९.६, म्हणजे दहा जणी. आठच दिल्या तर वर्षाला ४२७ ड्युट्या अशा उरतात ज्या कोणाच्याच नाहीत, आणि त्या कोणाच्या तरी डबल ड्युटीतून, नाकारलेल्या रजेतून किंवा रिकाम्या जागेतून भरल्या जातात. तुमच्याकडच्या रजा वेगळ्या असतील तर तुमचे आकडे घाला, पद्धत हीच.

हे झालं फक्त जागा भरण्याचं. त्या जागा मुळात बरोबर आहेत का, सकाळी तीन पुरतात का चार लागतात, हे कामाच्या वजनावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी एक पद्धत आहे, तिला विस्न म्हणतात. कल्पना साधी आहे, प्रत्येक कामाला चांगल्या पद्धतीने करायला किती वेळ लागतो ते धरायचं (घाईघाईत किती लागतो ते नाही), वर्षात ते काम किती वेळा होतं ते गुणायचं आणि एका माणसाच्या उपलब्ध वेळाने भागायचं. पहिल्यांदा एकच वॉर्ड घ्या. बेडच्या संख्येवर माणसं देऊ नका, कारण दहा बेडवर चालते फिरते दहा पेशंट असणं आणि त्यातले चार कूस बदलून द्यावे लागणारे असणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

मॅनेजमेंटपुढे हे घेऊन जाल तेव्हा खर्चाचा प्रश्न येणारच. तेव्हा मी नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन यांच्या अभ्यासाचा आकडा सांगते. २००२ साली छापलेल्या त्या अभ्यासात त्यांच्या टीमने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं तपासली, ऑपरेशनचे दोन लाखांवर पेशंट होते. दर सिस्टरमागे सरासरी एक पेशंट वाढला की ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि सिस्टर थकून खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. हा अभ्यास संबंध दाखवतो, प्रत्येक मृत्यूचं कारण सांगत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा. पण नंतर युरोपातल्या नऊ देशांत केलेल्या आणि २०१४ ला आलेल्या अभ्यासातही तोच सात टक्क्यांचा आकडा आला, म्हणून मी तो जोर देऊन मांडते.

४. रोस्टर लिहिताना

रोस्टर निदान चार आठवडे आधी लावा. लोकांना घर असतं, मुलं असतात, म्हातारे आईवडील असतात. ऐनवेळी बदललेलं रोस्टर हे माणूस नोकरी सोडायचं फार मोठं कारण आहे, पण सोडताना कोणी ते लिहून देत नाही, पगार असं लिहितात.

मी पाळते ते नियम असे. नाईट संपल्यावर त्याच दिवशी दुपारची ड्युटी कधीच नाही. दुपारनंतर लगेच सकाळ शक्यतो नाही, कारण रात्री घरी पोचून जेवून झोपेपर्यंत बारा वाजतात आणि पाचला उठावं लागतं. सलग नाईट तीन, फार तर चार. प्रत्येक शिफ्टला त्या वॉर्डात मुरलेली एक तरी सिस्टर, सगळ्या नव्या मुली एका नाईटला कधीच नाहीत, मग आकडा कितीही बरोबर भरत असला तरी. आणि डबल ड्युटीला तुमची लेखी परवानगी लागेल असं करा, म्हणजे निदान ती मोजली तरी जाते. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत ३९३ सिस्टरनी रोजच्या ड्युटीची डायरी ठेवली होती, त्यात साडेबारा तास किंवा जास्त काम झालेल्या ड्युटीत चूक होण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली. जी स्वतःहून म्हणते की मी करते डबल, मला काही होत नाही, तिलाही हे लागू आहे, तिला तर जास्तच, कारण ती कधीच थकले म्हणत नाही.

सापळा म्हणजे आपापसातल्या अदलाबदली. त्या बंद करू नका, माणसं त्याच्यावरच संसार चालवतात. फक्त एक वही ठेवा आणि बदल झाल्यावर वरचे नियम मोडत नाहीत ना तेवढं इन्चार्जने बघायचं. दुसरा सापळा म्हणजे एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात ऐनवेळी माणूस पाठवणं. पाठवावं लागतं हे खरं आहे पण त्यासाठी तीनचार जणी आधीच दोन वॉर्डांत तयार करून ठेवा, आणि पाठवलेल्या सिस्टरला सगळ्यात अवघड पेशंट देऊ नका. असं सर्रास होतं.

५. नवीन माणसाचे पहिले तीन महिने

इंटरव्ह्यूत गप्पा मारण्यापेक्षा एक प्रसंग द्या. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट आहे, नाडी वाढतेय, डॉक्टर फोन उचलत नाहीत, तुम्ही काय कराल? उत्तर ऐकताना औषधाचं नाव बरोबर आलं का यापेक्षा ती पुढे कोणाला फोन करेन म्हणते ते ऐका.

पहिल्या दिवशी जॉइन आणि दुसऱ्या दिवशी एकटीला नाईट, असं होऊ देऊ नका, कितीही अडचण असली तरी. पहिले काही आठवडे तिला माणसांच्या मोजणीत धरायचंच नाही, ती जास्तीची. एक ठरलेली बडी द्या, आणि त्या बडीचे पेशंट थोडे कमी करा, नाहीतर शिकवणं हे तिच्यासाठी फुकटचं ओझं होतं आणि ते ती नव्या मुलीवर काढते. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः दहा मिनिटं बोला. मी दोनच प्रश्न विचारते, कशाची भीती वाटते आणि कोणाला विचारायला संकोच वाटतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात परत परत एकच नाव यायला लागलं तर तिथे लक्ष घाला.

६. हॅन्डओव्हरला वेळ द्या, म्हणजे पगारी वेळ

शिफ्ट आठला संपते आणि दुसरी आठला सुरू होते असं रोस्टरवर लिहिलं तर हॅन्डओव्हर, म्हणजे जाणाऱ्या शिफ्टने येणाऱ्या शिफ्टला पेशंटची माहिती देणं, कोणाच्या वेळात होतो? कोणाच्याच नाही. म्हणून तो दारात उभं राहून, पर्स खांद्याला लावून होतो. वीस मिनिटं दोन्ही शिफ्ट एकत्र असतील असं करा, आणि हॅन्डओव्हर पेशंटच्या बेडजवळ होऊ द्या. बोलायची पद्धत ठरवून द्या. एसबार म्हणून जी पद्धत आहे, मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधली, ती शिकवायला सोपी आहे: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. नव्या सिस्टरला रात्री दोनला सिनियर डॉक्टरांना फोन करायचा असतो तेव्हा या चार वाक्यांचा फार आधार होतो, मी स्वतः बघितलंय. पण डॉक्टरांनाही त्याच ट्रेनिंगला बसवा. नाहीतर ती चार वाक्यं म्हणते आणि समोरून पहिल्याच वाक्यावर ओरडा पडतो.

७. चूक झाली की पहिला प्रश्न बदला

"कोणी केलं" च्या आधी "काय काय जुळून आलं" विचारायचं. बोलायला सोपं आहे, करायला फार जड जातं, कारण नातेवाईक बाहेर उभे असतात, मॅनेजमेंटला नाव हवं असतं आणि स्टाफला पण कोणाचं तरी नाव पुढे आलेलं बरं वाटतं.

इन्सिडेंट फॉर्म एका पानाचा ठेवा आणि त्यात हे आलंच पाहिजे: वेळ, शिफ्ट, तेव्हा वॉर्डात किती पेशंट होते, किती स्टाफ होता, त्यातले या वॉर्डाचे किती, आणि त्या माणसाची ड्युटी सुरू होऊन किती तास झाले होते. थोडक्यात हुकलेल्या चुकाही लिहायला सांगा, चुकीचं इंजेक्शन भरलं पण देण्याआधी लक्षात आलं वगैरे. जी सिस्टर असं लिहून देते तिचे आभार माना, सगळ्यांसमोर, पण तिने होकार दिला तरच.

आता एक गोष्ट जी कळायला मला फार वेळ लागला. नोंदी वाढल्या म्हणजे वॉर्ड बिघडला असं नसतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम तपासल्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी सापडतील, आणि सापडल्या जास्त. तिथे माणसं मोकळेपणाने बोलत होती म्हणून चुका वर येत होत्या. त्यामुळे ज्या वॉर्डातून महिनोन्महिने एकही रिपोर्ट येत नाही तिथे मी आधी जाते. इन्सिडेंटचा आकडा पगारवाढीला किंवा बक्षिसाला कधीही जोडू नका, दुसऱ्या महिन्यापासून फॉर्म यायचे बंद होतील.

याचा अर्थ कोणालाच काही बोलायचं नाही असा नाही. जाणूनबुजून नियम तोडणं, खोटी नोंद करणं, नशेत ड्युटीवर येणं, यावर कारवाई झालीच पाहिजे आणि ती डॉक्टर असो की वॉर्डबॉय, सारखीच. स्टाफ हेच बघत असतो.

८. अप्रेझल म्हणजे फॉर्म नाही

इंग्लंडमधल्या ६१ हॉस्पिटलांचा एक अभ्यास मायकेल वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छापला. अप्रेझल (माणसाच्या कामाचा आढावा), ट्रेनिंग आणि टीममध्ये काम करणं, या तीन गोष्टी जिथे नीट होत्या तिथे मृत्यूदर कमी दिसला, आणि सगळ्यात घट्ट संबंध अप्रेझलचा होता. वाचून मला आश्चर्य वाटलं होतं, कारण आमच्याकडे अप्रेझल म्हणजे वर्षातून एकदा पाचपैकी गुण देणं.

आता आमच्याकडे अर्धा तास समोरासमोर बसणं असतं, वर्षातून दोनदा. काय छान जमतंय, कुठे अडतंय, पुढच्या सहा महिन्यांत काय शिकायचंय, आणि त्यासाठी आम्ही काय द्यायचं. शेवटच्या प्रश्नाला दिलेला शब्द पाळा. ट्रेनिंगला पाठवते म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी वॉर्डात माणूस नाही म्हणून अडवलं, असं दोनदा झालं की तो अर्धा तास वाया. म्हणूनच वरच्या गणितात ट्रेनिंगचे पाच दिवस आधीच वजा केले होते. अप्रेझलमध्ये सफाईवाले, वॉर्डबॉय, आया, रिसेप्शनवालेही घ्या. इन्फेक्शन पसरेल की नाही हे फरशी आणि टॉयलेट कोण कसं पुसतं यावर पण ठरतं, आणि त्या माणसाला कधी कोणी बसवून विचारलेलं नसतं.

९. स्टाफच्या जिवाची काळजी

हे तीनच मुद्दे पण हे झाल्याशिवाय बाकीचं बोलू नका.

सुई टोचली तर काय करायचं ते प्रत्येक वॉर्डात भिंतीवर हवं, रात्री कोणाला फोन करायचा त्या नंबरासकट. जखम साबण पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते जितक्या लवकर होईल तितकं, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, मग २८ दिवस घ्यायचं. सोमवारी ऑफिस उघडल्यावर बघू हे चालत नाही. खर्च हॉस्पिटलचा, हे आधीच लिहून ठेवा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस जॉइन झाल्या झाल्या सुरू करा आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर (लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघायची रक्ताची तपासणी) तपासा. कॉन्ट्रॅक्टवरच्या सफाई कामगारांनाही, कारण कचऱ्याच्या पिशवीतली सुई त्यांनाच टोचते.

नातेवाईकांकडून शिवीगाळ किंवा मारहाण झाली तर त्या माणसाला त्याच दिवशी परत त्याच पेशंटकडे पाठवू नका. तुम्ही स्वतः वॉर्डात जा. तक्रार हॉस्पिटलने करायची, त्या सिस्टरने एकटीने नाही.

१०. दर महिन्याला एक पान

अवेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्येच सांगितलं होतं की काळजीची गुणवत्ता तीन ठिकाणी बघायची, आपल्याकडे काय आहे, आपण काय करतो आणि पेशंटचं काय होतं. एचआरवाले पहिलं बघतात, क्वालिटीवाले तिसरं, आणि दोघांच्या मीटिंग वेगवेगळ्या दिवशी असतात. ते एका पानावर आणा.

प्रत्येक वॉर्डाला एक ओळ. डावीकडे तुमचे आकडे: मंजूर जागा, भरलेल्या जागा, डबल ड्युट्या, ऐनवेळी बाहेरून आलेल्या ड्युट्या, आजारपणाच्या रजा, सोडून गेलेले. उजवीकडे पेशंटचे: पडणं, बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा), औषधाच्या चुका आणि हुकलेल्या चुका, इन्फेक्शन, तक्रारी. दोन्ही बाजू शिफ्टप्रमाणे फोडून, नाहीतर नाईटचं दुखणं सरासरीत लपतं. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका, आकडे लहान असतात, वरखाली होतात, तीनचार महिने जाऊ द्या.

हे पान घेऊन मेट्रन (सगळ्या सिस्टरच्या प्रमुख), क्वालिटीवाले, एक डॉक्टर आणि त्या त्या वॉर्डाच्या इन्चार्जसोबत बसा. इन्चार्जला आधी बोलू द्या. माझ्या पहिल्या अशा मीटिंगला त्याच तीन पडलेल्या पेशंटच्या वॉर्डाची इन्चार्ज पान बघून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मी हे दोन वर्षं तोंडी सांगत होते. त्या वॉर्डाला पुढच्या महिन्यापासून नाईटला दुसरी सिस्टर मिळाली.